पोलाद आणि द्रव : मोटारीच्या ब्रेकची कहाणी



या व्यासपीठावर साम्राज्यांचे उदयास्त, संतांची चरित्रे आणि राज्यघटनेची कलमे यांवर बोलणारे वक्ते आपण ऐकले आहेत. त्या पंक्तीत मोटारीच्या ब्रेकवर बोलायला कोणी उभा राहिला, तर आपणांपैकी काहींच्या चेहऱ्यावर हसू उमटणे स्वाभाविक आहे. ते हसू मी आगाऊच मान्य करतो. विनंती एवढीच की, येथे येताना आपण ज्या वाहनाने आलात ते चौकात वेळेवर थांबले, म्हणूनच आपण या खुर्च्यांवर बसला आहात, हे ध्यानात असू द्यावे. ज्या वस्तूच्या भरवशावर आपण रोज आपला जीव सोपवितो, तिचा इतिहास आपल्याला ठाऊक नसतो. आणि तो ठाऊक नसल्यामुळे ती बिघडू लागली तरी तिचे म्हणणे आपल्याला ऐकू येत नाही.

हा विषय मला ग्रंथात सापडला नाही, तो बोरघाटात सापडला. १९६९ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या वडिलांकडे, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, एक जुनी मॉरिस मायनर होती. १९४८ साली इंग्लंडात निघालेली ही गाडी. अ‍ॅलेक इसिगोनिस हा तिचा रचनाकार. १९६० च्या अखेरीस तिची दहा लाखावी प्रत कारखान्याबाहेर पडली, आणि हा आकडा गाठणारी ती पहिली ब्रिटिश मोटार ठरली. आपल्याकडे तिचाच एक अवतार काही काळ ‘बेबी हिंदुस्थान’ या नावाने वावरत होता. आम्ही पुण्याहून मुंबईस निघालो होतो. पुढे अण्णा आणि मी, मागे आई आणि धाकटी बहीण. खंडाळा सोडले आणि उतार लागला. पुढे एक लादलेला ट्रक रांगत होता, त्यामुळे अण्णांचा पाय सारखा ब्रेकवर. निम्मा घाट उतरलो असू. एका वळणाआधी अण्णांनी पाय दाबला तो थेट तळाला टेकला. गाडीचा वेग तसूभरही कमी झाला नाही.

अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी गिअर खाली आणला, दोन आसनांमधला हातब्रेक बेताबेताने ओढला आणि डोंगराच्या कडेला गाडी नेऊन थांबवली. आईने विचारले, “का हो थांबलो?” अण्णा म्हणाले, “जरा तापलीय गाडी.” त्यांच्या कपाळावरचा घाम मात्र मला दिसत होता.

चमत्कार पुढेच आहे. अर्ध्या तासाने पेडल दाबून पाहिले तर ते पूर्वीसारखेच टणक! पहिल्या गिअरमध्ये आम्ही हळूहळू खोपोलीस उतरलो आणि एका वयस्क मेकॅनिकपुढे गाडी उभी केली. त्याने चालकाच्या पायाखालचा गालिचा उचलला, तेथल्या मास्टर सिलिंडरचे झाकण उघडून पाहिले. तेल पुरेसे होते. चारही चाकांच्या आतल्या बाजू बोटाने चाचपल्या. कोठे गळती नव्हती. मग त्याने अण्णांना विचारले, “ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललंत?” अण्णा काहीशा अभिमानाने म्हणाले, “दर महिन्याला बघतो. कमी झालं की भरतो.” मेकॅनिक हसला. “भरलं म्हणजे बदललं नव्हे, साहेब.”

तेल पुरेसे, गळती नाही, पेडल टणक, आणि तरीही अर्धा तास ब्रेक नाहीसा झालेला! या कोड्याचे उत्तर त्या मेकॅनिकला ठाऊक होते. मला ते नीट कळायला बरीच वर्षे लागली, कारण त्यासाठी मला सतराव्या शतकापर्यंत मागे जावे लागले.

फ्रान्समध्ये ब्लेझ पास्काल नावाचा गणिती आणि तत्त्वचिंतक होऊन गेला. १६६२ साली, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी तो वारला. आणि पुढल्याच वर्षी द्रवांच्या समतोलावरचा त्याचा प्रबंध प्रसिद्ध झाला. त्यातला एक विचार असा : पाण्याने भरलेल्या बंद भांड्याला दोन तोंडे असावीत, एक लहान आणि दुसरे त्याच्या शंभरपट मोठे. दोन्ही तोंडांत घट्ट दट्टे बसवावेत. मग लहान दट्ट्यावर एक माणूस जेवढा जोर लावील, त्याने मोठ्या दट्ट्यावरच्या शंभर माणसांचा जोर तोलला जाईल. कारण बंद द्रवाला दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो. द्रव पक्षपात करीत नाही.

ही कल्पना कागदावरून कारखान्यात यायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. १७९५ साली लंडनच्या जोसेफ ब्रामा या कारागिराने पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. तत्त्व पास्कालचेच, पण ब्रामापुढे जी अडचण उभी राहिली ती पास्कालला कागदावर भेटली नव्हती. दाब वाढला की दट्ट्याच्या कडेने पाणी निसटू लागे. दट्टा सैल ठेवावा तर पाणी गळे, घट्ट करावा तर दट्टा हलेना! यावर जो उपाय निघाला, आणि ज्याचे श्रेय ब्रामाच्या हाताखालच्या हेन्री मॉडस्ले या असामान्य यंत्रज्ञाला दिले जाते, तो म्हणजे वाटीसारख्या आकाराची चामड्याची कडी. तिची तोंडे दाबाकडे असत. दाब जितका अधिक, तितकी तिची कड भिंतीला अधिक चिकटे. दाब ओसरला की ती आपोआप सैल होई. श्रोते हो, ही वाटी लक्षात ठेवावी. आजही आपल्या गाडीच्या ब्रेकमध्ये जी रबरी वाटी असते, ती या चामड्याच्या वाटीचीच वंशज होय.

आता मोटारीकडे वळू. पहिल्या मोटारींना ब्रेक असत ते बहुधा मागच्या चाकांनाच, आणि ते लोखंडी कांब्यांनी किंवा तारेच्या दोरांनी ओढले जात. वस्तुत: ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे थांबविण्याचे अधिक काम पुढच्या चाकांनी करावयाचे असते. परंतु पुढची चाके वळतात आणि खड्ड्यांत खालीवर होतात. अशा हलत्या चाकापर्यंत ताठ कांबी नेणे म्हणजे नाचणाऱ्या मुलाच्या शर्टाला बटण लावण्यासारखेच. १९१० च्या सुमारास काही युरोपीय गाड्यांनी हे साधून दाखविले, पण चारही चाकांना ब्रेक ही गोष्ट रुळली ती १९२० नंतर. तरीही मूळ दुखणे उरलेच. चार कांब्या, चार सांधे, चारांची झीज निराळी. एक कांबी जरा अधिक ताणली गेली की ते चाक आधी धरी, आणि ओल्या रस्त्यावर गाडी आडवी होई. या चार चाकांत समता कशी आणावी, हा त्या काळचा खरा प्रश्न होता.

उत्तर आले अमेरिकेतून. माल्कम लॉकहीड हा विमाने बांधणाऱ्या भावांपैकी एक. त्याने १९१७ साली द्रवावर चालणाऱ्या ब्रेकचे पेटंट मिळविले. कांब्यांच्या जागी त्याने द्रवाने भरलेल्या नळ्या आणल्या. पेडलपाशी एक मास्टर सिलिंडर, प्रत्येक चाकापाशी एक लहान सिलिंडर. पाय दाबला की दाब चारही चाकांत एकाच क्षणी आणि सारखाच! पुढे लवचीक नळी आली आणि चाक कितीही वळले तरी द्रवाला त्याचे काही वाटेनासे झाले. १९२१ च्या जुलैत फ्रान्समधील ल मॉं येथे झालेली ग्रां प्री शर्यत जिमी मर्फी या अमेरिकन चालकाने जिंकली, ती असे ब्रेक बसविलेल्या ड्यूसेनबर्ग गाडीत. त्याच सुमारास ड्यूसेनबर्गची ‘मॉडेल ए’ ही गाडी चारही चाकांना द्रवचलित ब्रेक घेऊन बाजारात आली. ती मात्र श्रीमंतांची गाडी. मध्यम किमतीच्या गाडीत ही सोय आणली ती वॉल्टर क्रायस्लरने, १९२४ साली. त्याच्या अभियंत्यांना मात्र ब्रामाचेच दुखणे पुन्हा भेटले : चामड्याच्या वाट्या गळत होत्या. त्यांनी रबराच्या वाट्या घातल्या, आणि मगच हा ब्रेक विश्वासास पात्र झाला.

सर्वांनी तो स्वीकारला असे मात्र नाही. शेव्हरोलेने १९३६ साली द्रवाची वाट धरली. फोर्डच्या गाड्यांत १९३८ पर्यंत पोलादी जोडणीचेच ब्रेक राहिले आणि १९३९ च्या गाड्यांपासून ते बदलले. पेडलपासून चाकापर्यंत सारे पोलाद आहे, याचीच फोर्डची मंडळी जाहिरात करीत. आज आपण या हट्टाला हसतो, पण तो हट्ट निव्वळ अडाणी नव्हता. पोलादाच्या चार कांब्यांपैकी एक तुटली तर तीन उरतात. द्रवाची एक नळी फुटली तर चारही चाके एकदम निराधार होतात. जी समता हा त्या ब्रेकचा गुण, तीच त्याचा दोष! सर्वांना सारखा दाब, म्हणून सर्वांचा घातही एकाच वेळी. हा आक्षेप खरा होता, आणि पुढची सारी कहाणी हा त्या आक्षेपाला दिलेल्या उत्तराचा इतिहास आहे.

थोडे गणित करू; ते पाढ्यांच्या पलीकडे जाणार नाही. समजा, पेडलवर आपण वीस किलोचा जोर दिला आणि पेडलच्या तरफेने तो पाचपट, म्हणजे शंभर किलो झाला. मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याचे क्षेत्र चार चौरस सेंटिमीटर असेल तर दर चौरस सेंटिमीटरला पंचवीस किलो दाब झाला. चाकापाशी पाच चौरस सेंटिमीटरचा दट्टा असेल तर त्यावर सव्वाशे किलो जोर येईल. असे आठ दट्टे असले तर एकूण हजार किलो! वीस किलोंचे हजार झाले. पण निसर्ग फुकट काही देत नाही. ते आठ दट्टे एकेक मिलिमीटर सरकण्यासाठी चार घन सेंटिमीटर द्रव लागतो, आणि तेवढा ढकलण्यासाठी पेडलला पाच सेंटिमीटर खाली जावे लागते. आता एवढीच, म्हणजे चमचाभराहूनही कमी, हवा नळीत शिरली आहे असे समजा. द्रव दबत नाही, हवा दबते. ती दाबण्यातच पेडलचे आणखी जवळजवळ पाच सेंटिमीटर खर्ची पडतील. पायाखाली तेवढी जागा नसली तर संपलेच. हा सारा कारभार चमचाभर जागेवर चाललेला असतो, हे ज्याला कळले त्याला पेडलची भाषा कळू लागते.

आता ती भाषा पाहू. आमच्या मायनरचे उदाहरण घेतो, कारण जुन्या एकेरी नळीच्या बहुतेक गाड्यांना तेच लागू पडते.

पेडल स्पंजासारखे मऊ लागते आणि दोनतीनदा भराभर दाबले की वर येते. ही हवेची खूण. चाकावरचे निपल सोडून ती हवा काढता येते. पण शहाणा मेकॅनिक आधी विचारतो, हवा शिरली कोठून? द्रव जेथून बाहेर जातो तेथूनच बहुधा हवा आत येते. पेडल खोल जाते, पण शेवटी टणक लागते. ही हवा नव्हे, ही लायनरची झीज. मायनरच्या सात इंची ड्रमला भोक असते. चाक उचलून त्यातून स्क्रू-ड्रायव्हरने पुढच्या चाकांचे दोन-दोन आणि मागच्या चाकांचा एक-एक अ‍ॅडजस्टर फिरवायचा. हा फरक न ओळखता हवा काढत बसणारे लोक दुपार वाया घालवितात.

पाय स्थिर ठेवला असता पेडल हळूहळू बुडत जाते. अशा वेळी डब्यातली पातळी पाहावी. पातळी उतरत असेल तर बाहेर गळती आहे. ती शोधल्यावाचून गाडी रस्त्यावर आणू नये. पातळी कायम आणि पेडल बुडते, तर मास्टर सिलिंडरातली वाटी थकली आहे, द्रव तिच्या कडेने मागे परततो आहे. ब्रामाचे दुखणे तिसऱ्यांदा!

ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते. येथे पास्काल आपल्या मदतीला येतो. दाब तर सर्वांना सारखा. मग दोष मास्टर सिलिंडरात असूच शकत नाही, तो चाकापाशीच असला पाहिजे. लायनरला ग्रीस लागले असेल, एखादा दट्टा गंजून अडकला असेल किंवा त्या चाकाची रबरी नळी आतून तुंबली असेल. एका तत्त्वाने निम्मी गाडी तपासातून सुटली.

ब्रेक सोडला तरी चाक धरून राहते आणि ड्रम तापतो. मास्टर सिलिंडरच्या भिंतीत एक बारीक भोक असते. पाय उचलल्यावर द्रव त्यातून डब्यात परततो आणि दाब मोकळा होतो. पेडलला थोडी मोकळी हालचाल नसेल तर वाटी ते भोक झाकूनच बसते. परीक्षा सोपी आहे : धरलेल्या चाकाचे निपल सैल करावे. द्रव पिचकारीसारखा उडून चाक सुटले तर दाब अडकलेला होता; न सुटले तर दोष शूचा किंवा दट्ट्याचा. मग मास्टर सिलिंडरकडची जोडणी सैल करून पाहावी. तेथेही चाक सुटले तर दोष त्या भोकात. तेथे न सुटता केवळ निपलपाशी सुटले तर वाटेतली नळी आतून सुजलेली आहे. एक सूचना मात्र विसरू नये : जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असते, त्याची धूळ फुंकरीने किंवा हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्यानेच पुसावी.

आता तेलाकडे. आपण त्याला ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो, आणि या नावाने पुष्कळ घोटाळे केले आहेत. मुळात ते खनिज तेल नव्हेच. आरंभीच्या काळात मद्यार्क आणि एरंडेल यांचे मिश्रण वापरीत; पुढे ग्लायकॉलच्या जातीची द्रव्ये आली. कोणी भाबडेपणाने त्यात इंजिनचे तेल ओतले तर रबरी वाट्या फुगतात, भोके बंद होतात आणि चारही चाके जखडतात. अशा वेळी सगळी रबरे काढून टाकण्यावाचून गत्यंतर नसते. या ग्लायकॉलचा दुसरा स्वभाव म्हणजे ते हवेतला ओलावा शोषून घेते. पावसाळ्यामागून पावसाळे जातात, झाकणाच्या श्वासछिद्रातून आणि रबरी नळ्यांतून पाणी त्यात मुरते. डोळ्यांना काहीच दिसत नाही. आजच्या ‘डॉट ३’ प्रतीच्या नव्या द्रवाने २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळता कामा नये असा दंडक आहे; पण सुमारे पावणेचार टक्के पाणी शोषल्यावर त्याच प्रतीसाठी ही मर्यादा १४० अंशांवर उतरते.

बोरघाटातले कोडे आपण आता सोडवलेच असेल. सततच्या ब्रेकने ड्रम तापले, उष्णता चाकाच्या सिलिंडरात पोचली, तेथला जुना, पाणी मुरलेला द्रव उकळला आणि त्याची वाफ झाली. वाफ हवेसारखीच दबते. चमचाभर वाफेने पेडल तळाला नेले. अर्ध्या तासात ती निवाली, पुन्हा द्रव झाली आणि पेडल परतले. पातळी बरोबर होती, कारण गळाले काहीच नव्हते. अण्णा दर महिन्याला भरत होते, पण म्हातारे पाणी तेथेच होते. उतारावर ब्रेक निकामी होण्याचा दुसराही एक प्रकार आहे, त्याची गल्लत करू नये : पेडल टणक राहते, पण गाडी थांबत नाही. तेथे द्रवाचा दोष नसतो. लायनर तापून त्याची पकड गेलेली असते. दोहोंवर आधीचा उपाय एकच : घाट चढताना जो गिअर लागेल त्याच गिअरमध्ये तो उतरावा.

राहता राहिला पोलादवाल्यांचा आक्षेप. त्याला पुरते उत्तर मिळायला अनेक दशके लागली. १९६२ साली कॅडिलॅकने मास्टर सिलिंडरचे दोन भाग केले. पुढच्या चाकांची नळी निराळी, मागच्यांची निराळी. एक फुटली तरी दुसरी उरते. १९६६ मध्ये आलेल्या व्होल्वोच्या १४० मालिकेत त्याहून पुढे जाऊन अशी विभागणी केली की, कोणतीही एक शाखा निकामी झाली तरी पुढची दोन्ही चाके आणि मागचे एक चाक कामात राहावे. १९६८ पासून अमेरिकेत नव्या मोटारींना दुहेरी रचना कायद्याने आवश्यक झाली. आणि पोलाद? तेही गेले नाही. द्रव जिंकला तरी हातब्रेक तारेचा आणि कांबीचाच राहिला, पायाच्या ब्रेकच्या द्रवाशी कसलाही संबंध न ठेवणारा. बोरघाटात आम्हां चौघांना ज्याने थांबविले ते हरलेल्या पक्षाचे पोलाद होते. ज्यांचा युक्तिवाद इतिहासाने फेटाळला, त्यांच्या म्हणण्यातले सत्य इतिहासाने गुपचूप दोन आसनांच्या मध्ये ठेवून दिले होते.

हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बॅसेडर २०१४ साली बनायची थांबली. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाल्या. तरीही हौशी मंडळींच्या गॅरेजांत या पिढीच्या गाड्या आहेत, आणि नव्या गाड्यांतही पायाखाली तोच द्रव आहे, त्याला तेवढेच पाणी लागते. म्हणून जाता जाता एकच गोष्ट सांगतो. उद्या घरी जाऊन आपल्या गाडीचे ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले ते पाहा. दोन वर्षे उलटली असतील तर ते बदलून घ्या. भरून भागवू नका. आणि मे महिन्यात घाट उतरण्यापूर्वी हातब्रेक ओढून पाहा, तो धरतो की नाही.

अण्णांनी खोपोलीत त्या दिवशी सगळे तेल बदलून घेतले. मेकॅनिकने काढलेले तेल काचेच्या भांड्यात धरून आम्हांला दाखविले. ते कोऱ्या चहासारखे काळपट झाले होते. आईने ते पाहिले आणि ती अण्णांना म्हणाली, “तापली नव्हती ना गाडी?” अण्णांनी मान खाली घातली. त्यानंतर दर दुसऱ्या वर्षी पावसाळा संपला की ते तेल बदलायचे, आणि तारीख आमच्या घरच्या कॅलेंडरवर आईच्या अक्षरात असे.